मशीन कानाला, धडा कानाबाहेर: पाचवीतल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

वर्गशिक्षिकेची तक्रार जुलैच्या अखेरीस आली. मुलीला जवळ बोलावून विचारलं की ती उत्तर देते, वर्गात मात्र तिचं लक्ष नसतं. चौथीपर्यंत श्रुतलेखन बरं होतं, यंदा घसरलं. दोन्ही कानांना सरकारी शिबिरात मिळालेली श्रवणयंत्रं आहेत आणि ती रोज घालून येते. घरचे म्हणतात, मशीन तर आहे, मग अडतंय कुठे?

शाळा कोकणातली, जिल्हा परिषदेची, वर्गावर पत्रा. हे प्रकरण कुणा एका मुलीचं नाही. श्रवणदोष असलेली मुलं नेहमीच्या शाळेत शिकतात तिथे पुन्हा पुन्हा आढळणाऱ्या गोष्टी एका विद्यार्थिनीभोवती मांडल्या आहेत, त्यामुळे नाव-गाव दिलेलं नाही. तपासणीच्या कागदावर उजव्या कानाची सरासरी ८५ डेसिबल आणि डाव्याची ७५ आहे, म्हणजे यंत्राशिवाय साधारण एवढा मोठा आवाज असेल तरच ऐकू येतो. दोष अंतर्कर्णाचा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ दोन्ही कानांत ७० डेसिबलची मर्यादा धरतो, म्हणजे कायद्याच्या लेखी ती बधिर गटात येते. प्रत्यक्षात लहानपणापासून यंत्र वापरल्यामुळे ती घरी मालवणी आणि शाळेत मराठी बोलते, समोरच्याचे ओठ छान वाचते. ज्या मुलाला यंत्रातूनही बोलणं उलगडत नाही त्याला भारतीय सांकेतिक भाषा लवकर मिळायला हवी, तिथे यंत्रावर हट्ट धरणं अन्याय आहे. या मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिला ऐकू येत होतं आणि मध्येच येईनासं झालं.

वहीतल्या चुका

कुठल्याही उपकरणाला हात लावण्याआधी श्रुतलेखनाची वही घ्यावी. या वहीत दोन तऱ्हेच्या चुका होत्या. एकात 'साप'चा 'आप' झाला होता, 'तास'चा 'ता'. दुसऱ्या तऱ्हेत 'पान'च्या जागी 'मान', 'बोर'च्या जागी 'मोर'.

पहिली तऱ्हा अपेक्षित आहे. 'स'ची ऊर्जा ४,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, तिथे अशा मुलांचं ऐकणं सर्वांत कमी असतं आणि साधी यंत्रंही तिथपर्यंत पुरेसा आवाज देत नाहीत. त्यामुळे 'स' गळतो. 

दुसरी तऱ्हा गंभीर होती. प, ब, म या तिन्ही अक्षरांना ओठ एकसारखेच मिटतात, डोळ्यांना फरक कळत नाही. फरक कळतो तो 'ब'मधल्या कंठाच्या कंपनाने आणि 'म'मधल्या नाकातल्या गुंजारवाने. हे दोन्ही कमी हर्ट्‌झचे, जाड आवाज आहेत. ७५-८५ डेसिबलचा दोष असला तरी यंत्र चालू असेल तर ते पोचायलाच हवेत. ते पोचत नाहीत याचा अर्थ मुलगी श्रुतलेखन डोळ्यांनी लिहीत होती. चौथीची वही काढून पाहिली तर तिथे 'स' गळलेला होता, पण 'बोर'चा 'मोर' जवळपास नव्हता. कान तोच, मुलगी तीच. मधल्या काळात बदललं असेल तर यंत्र.

इथे एक अट आहे. श्रुतलेखन घालताना बाई वर्गात फिरत असतील तर ओठही दिसत नाहीत आणि चुकांचा अर्थ लावता येत नाही. दोन परिच्छेद एकाच जागी उभं राहून घालावेत, मग वही वाचावी.

मशीनची झडती

तपासणी सकाळी एकदा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा केली. दुसऱ्या फेरीतच निम्मं उत्तर मिळालं.

आधी यंत्र कानातून काढून उजेडात धरावं. कानामागच्या यंत्रापासून कानातल्या साच्यापर्यंत पारदर्शक नळी जाते. डावी नळी पिवळी, कडक झाली होती आणि वळणावर बारीक चीर होती. उजव्या नळीत पाण्याचे दोन थेंब अडकले होते. पावसाळ्यात कानातली गरम, दमट हवा नळीत थंड होऊन असे थेंब बनतात आणि थेंबाने नळी बुजली की यंत्र चालू असूनही कानात काही जात नाही. साचा यंत्राच्या हुकापासून सोडवून रबरी ब्लोअरने फुंकर मारली की थेंब निघतो. तोंडाने फुंकू नये, उलट दमटपणा वाढतो.

मग सेल. या यंत्रांत ६७५ क्रमांकाचा, निळ्या पट्टीचा झिंक-एअर सेल बसतो. पट्टी काढल्यावर बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, म्हणून पट्टी काढून एक-दोन मिनिटं थांबून मगच तो बसवावा. लगेच बसवला तर सुरुवातीला व्होल्टेज कमी मिळतं आणि सेल खराब निघाला असं वाटून फेकला जातो. जोरदार यंत्रात, रोज दहा तास वापर धरला, तर सेल साधारण पंधरा दिवस ते महिनाभर टिकतो. त्याचा स्वभाव असा की शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतं आणि मग अचानक कोसळतं. सकाळी टेस्टरवर ठीक दिसलेला सेल दुपारी मेलेला असू शकतो. उजव्या यंत्राचं नेमकं हेच होत होतं. सेल पुरवून वापरावेत म्हणून आई रोज रात्री निळी पट्टी परत चिकटवत होती. भावना समजण्यासारखी आहे, सहा सेलची पत्ती दर महिन्याला लागली तर घरखर्चात जाणवते. पण एकदा हवा लागलेला सेल पट्टीने फारसा वाचत नाही. रात्री सेलचं दार उघडं ठेवावं, एवढंच. यंत्र बंद राहतं आणि आतला ओलावाही निघतो.

तिसरी पायरी कानाने ऐकण्याची. स्टेटोक्लिप ही स्टेथोस्कोपसारखी नळी साच्याला लावून शिक्षकाने स्वतः यंत्र ऐकायचं. आवाज तुटतो का, खरखरतो का, दार हलवलं की जातो-येतो का, हे असंच कळतं. जोरदार यंत्राचा आवाज निरोगी कानाला इजा करू शकतो, म्हणून आवाज अगदी कमी करून आणि नळीला आवाज अडवणारा तुकडा लावूनच ऐकावं. डाव्या यंत्राचा आवाज स्वच्छ होता, पण आवाजाचं चाक जवळजवळ तळाला होतं.

चाक का उतरवलं याचं उत्तर शिट्टीत होतं. पूर्ण आवाजावर डावं यंत्र कुईं करायचं, वर्ग हसायचा, म्हणून मुलीने ते स्वतःच कमी करून टाकलं होतं. शिट्टी म्हणजे साच्याच्या कडेने किंवा फुटलेल्या नळीतून बाहेर पडलेला आवाज पुन्हा यंत्राच्या मायक्रोफोनमध्ये शिरणं. साचा दोन वर्षांपूर्वीचा होता. या वयात कान वाढतो, साधारण वर्षाला एकदा साचा सैल पडतोच. कानात मळ साचला असेल तरीही शिट्टी येते, म्हणून माप घेण्याआधी कान तपासून घ्यावा लागतो. शिट्टी थांबवायला आवाज उतरवणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय आहे, कारण त्यात ऐकणंच जातं.

नव्या साच्याचं माप श्रवणतज्ज्ञच घेतो: दोरा बांधलेला फोमचा गोळा कानात ठेवून मागून सिलिकॉन भरतात. गोळा नसेल तर सिलिकॉन पडद्यापर्यंत जातं, म्हणून हे काम शाळेत किंवा दुकानात हौसेने करायचं नाही. जोरदार यंत्राला मऊ सिलिकॉनचा साचा घ्यावा, तो कडक प्लास्टिकपेक्षा घट्ट बसतो. नळी मात्र दर तीन ते सहा महिन्यांनी बदलावी. ती यंत्रापर्यंत ताण न पडता पोचेल इतकीच लांब हवी. आखूड पडली तर साचा कानातून ओढला जातो आणि शिट्टी परत येते.

ओलाव्यासाठी झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. जेल नारिंगी दाण्यांचं घ्यावं, ओलावा शोषला की ते हिरवं होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, लहान मुलांच्या घरात ते नको. हिरवं झालेलं जेल मंद आचेच्या तव्यावर परतून पुन्हा नारिंगी करता येतं. डब्यात यंत्र ठेवताना सेल काढून बाहेर ठेवायचा, नाहीतर जेल सेलमधलाही ओलावा ओढून घेतं आणि सेल वाळून जातो. साचा आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाने धुवावा, पण यंत्रापासून सुटा करून.

सहा आवाज

शिक्षकाला रोज दोन मिनिटांत करता येईल अशी एकच चाचणी निवडायची असेल तर ती सहा आवाजांची, डॅनियल लिंग या तज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी. म, ऊ, आ, ई, श, स. बोलण्याचा जाड ते बारीक असा सगळा पट्टा या सहांत येतो. मुलीच्या मागे एक मीटरवर उभं राहायचं, नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी काढायचा, तिने तो परत म्हणायचा. क्रम रोज बदलायचा. दोन आवाजांतलं अंतरही बदलायचं आणि मध्येच नुसतं गप्प राहायचं. तालाने अंदाज बांधण्यात ही मुलं फार तरबेज असतात. तोंडासमोर हात धरून चाचणी घेऊ नये, हाताने 'श' आणि 'स' दबतात.

चुकीच्या उत्तरातूनही काहीतरी कळतं. 'ई'ला 'ऊ' म्हटलं तर पहिला, जाड भाग पोचतो आहे आणि २,००० हर्ट्‌झच्या पुढचा नाही. 'म' गेला तर जाड आवाजच पोचत नाहीत, सेल किंवा नळी पाहा. पहिल्या दिवशी दुपारी या मुलीने फक्त 'आ' ओळखला. नवे सेल, नवी नळी आणि नवा साचा आल्यावर, चाक पूर्वीच्या खुणेवर नेल्यावर, म, ऊ, आ, ई आणि जवळून 'श' हे पाचही आले. 'स' आला नाही. तो या यंत्राकडून येणारही नाही, आणि हे बाईंना, घरच्यांना स्पष्ट सांगितलेलं बरं. लिहिताना 'स' कुठे असणार हे ती अर्थावरून आणि व्याकरणावरून शिकेल. 'आईस', 'शाळेस' अशा रूपांवर तिला वेगळा सराव द्यावा लागेल.

वर्गाचा हिशेब

यंत्र दुरुस्त झालं तरी वर्गातली तक्रार पूर्ण गेली नाही. शांत खोलीत मागून पाच आवाज ओळखणारी मुलगी चालू वर्गात तिसऱ्या बाकावरून बाईंचं वाक्य पकडू शकत नव्हती. बहुतेक शाळा इथे थांबतात आणि दोष पुन्हा मुलीच्या लक्षावर ढकलतात.

हिशेब साधा आहे. एक मीटरवर शिक्षकाचा आवाज सुमारे ६५ डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो ६ डेसिबलने उतरतो: दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३. पंखे सुरू, मुलं भरलेली, शेजारी दुसरा वर्ग, अशा खोलीत ६० डेसिबलचा गोंगाट सहज असतो. म्हणजे चौथ्या मीटरवर गोंगाट आवाजाच्या वर जातो. श्रवणदोष असलेल्या मुलाला बोलणं गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर हवं. यंत्र दोन्ही वाढवतं, आवाज आणि गोंगाट. अमेरिकेचं वर्गध्वनीचं मानक रिकाम्या वर्गात ३५ डेसिबल आणि ०.६ सेकंदाच्या आत विरणारा घुमारा मागतं. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि पत्रा असलेल्या खोलीत टाळी वाजवली की ती किती वेळ रेंगाळते हे ऐकून पाहावं.

फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण एकाच फोनने आधी-नंतरची तुलना करता येते. त्यावरून तीन गोष्टी निवडल्या. एका पंख्याचं बेअरिंग खडखडत होतं, ते बदललं. बाकांच्या लोखंडी पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले, बाक सरकल्याची किंचाळी गेली. मागच्या भिंतीवर गोणपाटाचे दोन थर भिंतीपासून चार बोटं पुढे टांगले, मधल्या पोकळीमुळे ते जास्त आवाज पितात. पावसाच्या सरीपुढे यातलं काहीच चालत नाही. पत्र्यावर जोराचा पाऊस असेल तेव्हा तोंडी शिकवणं थांबवून वाचन आणि लेखन घ्यावं, ऐकणाऱ्या मुलांनाही तेव्हा फारसं कळत नसतं.

जागा बदलली. डावा कान चांगला, म्हणून फळ्याकडे तोंड केल्यावर तिच्या उजव्या हाताची कड आणि दुसरा बाक. आता बाई आणि वर्ग दोन्ही डाव्या कानाकडे, खिडकीबाहेरचा रस्ता उजवीकडे. पहिला बाक मुद्दाम टाळला. तिथून मान वर करून बाईंची हनुवटीच दिसते आणि मागे कोण बोललं ते कळतच नाही. बाईंनी खिडकीकडे पाठ करून बोलायचं नाही, चेहरा काळोखात जातो. फळ्यावर लिहिताना बोलायचं नाही. सवय लागायला हेच सर्वांत अवघड गेलं.

माइक गळ्यात

एवढं करूनही १५ डेसिबलचं अंतर भरत नाही. ते भरतो दूरस्थ माइक. शिक्षकाच्या छातीशी माइक, मुलीच्या यंत्राला रिसीव्हर. ओठांपासून १५ सेंटिमीटरवर आवाज एक मीटरच्या तुलनेत सुमारे १६ डेसिबलने जास्त असतो. ६० च्या गोंगाटात ८१ चा आवाज, म्हणजे २१ डेसिबल वर. आवाज आधी पकडला, गोंगाट मिसळायच्या आत, यातच त्याची ताकद आहे. दुसरं कुठलंही महागडं यंत्र वर्गात इतका फरक पाडत नाही.

रिसीव्हरचे दोन मार्ग असतात. यंत्राला तळाशी ऑडिओ शू बसत असेल तर त्यात लहान रिसीव्हर थेट लागतो. नसेल आणि यंत्रावर टी खूण (टेलिकॉइल, म्हणजे लूपमधला आवाज चुंबकीय लहरींतून पकडणारं वेटोळं) असेल तर गळ्यातली वायरची लूप चालते. लूप स्वस्त आहे, पण ट्यूबलाइटच्या चोकजवळ किंवा इन्व्हर्टरशेजारी ५० हर्ट्‌झची घरघर पकडते, म्हणून आधी तिच्या बाकावर बसवून ऐकून पाहावं. नुसत्या टीवर ठेवलं तर तिला बाई ऐकू येतात, शेजारीण आणि स्वतःचा आवाज नाही. एमटी, म्हणजे माइक आणि लूप दोन्ही, हाच वर्गाचा पर्याय. साधे ब्लूटूथ इअरफोन आणि फोन जोडून जुगाड केला की आवाज उशिरा पोचतो, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. ओठ वाचणाऱ्या मुलीला ते गोंगाटापेक्षा जास्त त्रास देतं.

चांगला डिजिटल संच हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत जातो. समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, एवढ्यात तो बसत नाही. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणं देणारी केंद्राची अडिप योजना, मुंबईत वांद्र्याची वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत मागणी, हे रस्ते आहेत. मागणीपत्रात यंत्राचं मॉडेल आणि टी किंवा ऑडिओ शू आहे की नाही हे लिहिलंच पाहिजे. जुळत नसलेला रिसीव्हर येऊन कपाटात पडून राहणं फार वेळा घडतं.

पहिल्या आठवड्यांत काय बिघडलं तेही सांगायला हवं. माइकचा पट्टा लांब होता, तो पोटाशी लोंबकळत होता, त्यामुळे निम्मा फायदा गेला. वर घेतल्यावर मंगळसूत्राचे मणी त्यावर आपटू लागले, मुलीला वाक्याऐवजी टकटक ऐकू येत होती. पदराच्या दुसऱ्या बाजूला क्लिप लावून तो प्रश्न सुटला. बाई मुख्याध्यापकांशी व्हरांड्यात बोलल्या आणि माइक चालूच राहिला, मुलीने सगळं ऐकलं. पुढच्या वेळी म्यूट केला तो तासभर म्यूटच राहिला आणि मुलगी संकोचाने काही बोलली नाही. म्हणून हातवारा ठरवला: ऐकू येत नसेल तर तिने कानाला बोट लावायचं, बाईंनी आधी माइकचा दिवा पाहायचा. वीज दुपारी जाते, म्हणून चार्जिंग रात्री घरी, शाळेत नाही. उत्तर देणाऱ्या मुलाचा आवाज माइकमध्ये येत नाही, तेव्हा बाईंनी उत्तर पुन्हा म्हणायचं किंवा माइक त्याच्या हातात द्यायचा. हातात माइक मिळतो म्हटल्यावर वर्ग एकेक करून बोलायलाही शिकला.

ऑक्टोबरमधल्या श्रुतलेखनात 'बोर' 'बोर'च राहिलं. 'स' अजून कधी कधी गळतो. मधल्या सुट्टीत, कबड्डीत, चार जणींच्या गटकामात माइकचा उपयोग नाही, तिथे ती अजूनही डोळ्यांवर आहे. गटकामापुरतं बाजूची रिकामी खोली वापरली तर बरंच सुधारतं.

सकाळची झडती आता मुलगी स्वतः करते आणि हजेरीच्या वेळी सांगते, "बाई, आज उजव्याचा सेल संपत आलाय." सहावीत विषयागणिक शिक्षक बदलतील. माइक एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे तीच घेऊन जाईल, तासाच्या सुरुवातीला. तिच्या यंत्राची आवाजाची खूण, सेलचा क्रमांक, साचा घेतल्याची तारीख आणि सहा आवाजांचा शेवटचा निकाल असं एक पान हजेरीपटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. पुढच्या साच्याचं माप मे महिन्यातच घ्यायचं, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडताना शिट्टी नसेल.